सुरकुतीचे शास्त्र : प्रस्तावना

घाणेरीचे पान, मेंडेलने पेरलेल्या वाटाण्यांपैकी काही दाणे, रिकाम्या जठराचे अस्तर, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले प्रवाळ आणि प्रयोगशाळेच्या बशीत वाढलेली पटकीच्या जंतूंची एक वसाहत. या पाच गोष्टींचे आपसात काही नाते नाही. तरीही वनस्पतिशास्त्र, अनुवंशशास्त्र, शरीररचनाशास्त्र, पुराजीवशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या पाचही शाखांनी त्यांचे वर्णन करताना एकाच लॅटिन शब्दाचा आधार घेतला. ‘रुगा’ म्हणजे सुरकुती. त्यावरून ‘रुगोसस’ हे विशेषण झाले आणि त्याचे इंग्रजीतले रूप ‘रुगोस’. घरांच्या छपरांवर असतात त्या पन्हळी पत्र्यांचे ‘कॉरुगेटेड’ हे इंग्रजी नावही याच मुळातून आले आहे. प्रस्तुत पुस्तक या शब्दाविषयी आणि त्याच्या सोबतीने वापरल्या जाणाऱ्या पृष्ठभागवाचक शब्दांविषयी आहे. एका विशेषणासाठी अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, विज्ञानात वर्णनाचा नेमका शब्द स्पष्टीकरणाच्या आधी येतो आणि ते सापडेपर्यंत निरीक्षण जपून ठेवतो. ‘रुगोस’ या शब्दाचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मराठीत विज्ञान रुजायचे असेल तर अशा शब्दांची मशागत आधी करावी लागेल, ही या पुस्तकामागची भूमिका आहे आणि ती मला पूर्णपणे पटते.

या शब्दाला शास्त्रीय शिस्त लावली ती लिनियसने. 1751 सालच्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात त्याने पाना-फुलांच्या वर्णनासाठी शेकडो संज्ञा निश्चित केल्या आणि प्रत्येकीला अर्थाची कुंपणे घातली. त्याआधी प्रत्येक अभ्यासक आपल्या मर्जीने लिहीत असे. एकाचे ‘खरखरीत’ ते दुसऱ्याचे ‘सुरकुतलेले’ असे. रुगोस पानाची लिनियसने केलेली व्याख्या आज वाचताना नवल वाटते. शिरा पानाच्या पात्यापेक्षा अधिक आखडलेल्या असतात आणि त्यामुळे शिरांमधला भाग वर उचलला जातो, असा तिचा आशय आहे. पान कसे दिसते एवढ्यावर तो थांबला नाही. ते तसे का दिसते याचा अंदाजही त्याने व्याख्येतच बांधला. शिरा कमी वाढल्या, पाते जास्त वाढले, म्हणून पाते उमाळून वर आले. दोन शेजारच्या भागांची वाढ जुळली नाही की पृष्ठभागाला सुरकुती पडते, हा पुढच्या अडीचशे वर्षांतल्या संशोधनाचा गाभा त्या एका ओळीत बीजरूपाने आहे.

पुढच्या शतकात ही परिभाषा जगभर पसरली. थुनबर्गने 1784 मध्ये जपानी वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात किनाऱ्यावर वाढणाऱ्या एका गुलाबाला ‘रोझा रुगोसा’ असे नाव दिले. त्याच्या पानांवर शिरा खोल रुतलेल्या असतात. भाताच्या शेतांत तण म्हणून माजणाऱ्या एका गवताचे नाव ‘इश्चेमम रुगोसम’; त्याच्या कणिशकाच्या बाहेरच्या तुसावर आडव्या वळ्या असतात आणि ते ओळखताना ही खूण कामी येते. हूकरचा ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ आणि 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ याच वर्णनपरंपरेतले आहेत. सह्याद्रीत फिरणारा अभ्यासक आजही वनस्पती ओळखताना याच शब्दांच्या आधाराने एकेक पायरी उतरत जातो. त्या पायऱ्यांवर गफलत चालत नाही. पारिजातकाचे पान हाताला खरखरीत लागते ते त्यावरच्या ताठ केसांमुळे, सुरकुत्यांमुळे नव्हे. उभ्या अशोकाच्या पानाची फक्त कड लहरते, पाते सपाटच असते. ताडाचे पान एकाआड एक घड्या घातल्यासारखे असते. घाणेरीच्या पानावर मात्र शिरांच्या जाळ्यामधला प्रत्येक चौकोन उचललेला असतो. खरखरीत, लहरी, घडीदार आणि रुगोस ही चार वेगळी लक्षणे आहेत आणि चारींसाठी एकच सैल शब्द वापरला तर ओळखीचा धागा तिथेच तुटतो.

वर्णनाच्या या परंपरेवर जुना आणि वजनदार आक्षेप असा की, ती वरवरच्या साम्यावर उभी आहे. सुरकुत्या असणाऱ्या गोष्टींना एक विशेषण लावले म्हणून त्यांच्याबद्दल काय कळले? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला उत्तर द्यायचे तर इतिहासाकडेच वळावे लागते. मिल्न-एडवर्ड्स आणि हेम या फ्रेंच संशोधकांनी 1850 मध्ये नामशेष प्रवाळांच्या एका गणाला ‘रुगोसा’ हे नाव दिले. या प्रवाळांच्या बाह्य भिंतीवर आडव्या सुरकुत्या असतात. ऑर्डोव्हिशियन काळात अवतरलेला हा गण सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरच्या महाविनाशात संपला. शंभरहून अधिक वर्षे या सुरकुत्या केवळ ओळखीची खूण होत्या. 1963 मध्ये जॉन वेल्स या अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञाने त्यांतल्या बारीक रेषा मोजल्या. आजच्या प्रवाळांत रोज एक अशा रेषा उमटतात, असे मानण्यास आधार होता. मध्य डेव्होनियन काळातल्या जीवाश्मांत मात्र वर्षाच्या एका पट्ट्यात सुमारे 400 रेषा भरल्या. म्हणजे तेव्हा वर्षाचे दिवस 400 च्या आसपास होते आणि दिवस जेमतेम 22 तासांचा होता. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत चालली आहे, हे खगोलशास्त्रज्ञांचे गणित स्वतंत्रपणे जवळपास हेच सांगत होते. प्रवाळाच्या अंगावरच्या सुरकुतीने पृथ्वीच्या गतीची साक्ष दिली. विशेषणाने स्वतः काही सिद्ध केले नाही, हे खरेच. पण ते लक्षण शंभर वर्षे पद्धतशीरपणे नोंदले गेले होते, म्हणून वेल्सला कुठे पाहायचे ते ठाऊक होते.

दुसरी साक्ष मेंडेलच्या वाटाण्याची आहे आणि ती प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला शाळेतच भेटते. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत मेंडेलला 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेल्या बिया मिळाल्या. 1866 मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले आणि तीनास एक हे प्रमाण अनुवंशशास्त्राचा पाया ठरले. दाणा सुरकुततो कशामुळे, हे मेंडेलला माहीत नव्हते. तसे माहीत असण्याची त्याला गरजही नव्हती. त्याला हवा होता तो दोन अवस्थांमधला निःसंदिग्ध फरक आणि तो नोंदण्याइतका पक्का शब्द. कारण सापडले ते 1990 मध्ये, इंग्लंडमधील नॉरिच येथे. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडलेले असते. सुमारे 800 अक्षरांचा एक उपरा तुकडा त्यात घुसलेला असतो. परिणामी स्टार्च कमी बनतो, साखर साचते, साखर पाणी ओढून घेते आणि दाणा फुगतो. पुढे वाळताना हे जास्तीचे पाणी निघून जाते, आतला गर आक्रसतो आणि मोठे झालेले टरफल त्याच्यावर सैल पडून चुरगळते. म्हणूनच कोवळ्या मटाराच्या कित्येक गोड जातींचे पेरणीचे बी सुरकुतलेले असते, तर उसळीसाठी भिजत घालतो तो पांढरा वाटाणा गोल राहतो. या जनुकाच्या नावातही ‘रुगोसस’ हाच शब्द आहे.

लिनियसची वाढीची कल्पना विसाव्या शतकात यंत्रशास्त्राने हाती घेतली. डार्सी थॉम्पसन यांच्या 1917 मधल्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथाने सजीवांचे आकार बळे आणि ताण यांच्या भाषेत वाचायला शिकवले. मऊ थरावर चिकटलेला दुसरा थर जास्त वेगाने वाढला की तो सपाट राहू शकत नाही. त्याला बाक येतो आणि पृष्ठभागावर ठराविक अंतराने वळ्या उठतात. माणसाच्या मेंदूच्या बाह्यकाचा सुमारे दोन तृतीयांश पृष्ठभाग अशा वळ्यांच्या खाचांत दडलेला असतो. 2016 मध्ये एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी भ्रूणाच्या मेंदूची जेलची प्रतिकृती द्रवात बुडवली. तिचा बाहेरचा थर द्रव शोषून फुगला आणि खऱ्या मेंदूशी मिळत्याजुळत्या वळ्या त्या निर्जीव जेलवर उमटल्या. या यंत्रवादी विचारासमोर जनुकांचा विचार उभा राहतो: थर वाढतात हे ठीक, पण कोणी किती वाढायचे हे ठरवतो कोण? उत्पल नाथ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की श्वानमुखाच्या फुलझाडात ‘सिनसिनाटा’ हे जनुक बिघडले तर पानाच्या कडेची वाढ वेळेवर थांबत नाही, कड जास्त लांब होते आणि पान सपाट राहत नाही. तेव्हा पान सपाट असणे हीच एक काळजीपूर्वक साधलेली अवस्था आहे. सपाट पानालाही कारण लागते, हा धडा या संशोधनाने दिला. दोन्ही विचार परस्परविरोधी मानले गेले, तरी माझ्या मते ते एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. जनुके वाढीचा वेग ठरवतात आणि वेगांतला फरक आकार ठरवतो.

तरीही सगळ्या सुरकुत्या वाढीच्या विसंगतीने पडतात, असा सिद्धान्त मांडण्याचा मोह टाळला पाहिजे. वाटाण्याची सुरकुती आक्रसण्याची आहे. प्रवाळाची सुरकुती थरावर थर चढताना पडलेल्या लयीची आहे. तिथे काही वाकलेले नाही. जठराच्या अस्तरातल्या वळ्या ही राखीव जागा आहे, अन्न आले की त्या उलगडतात. पाण्यात भिजलेल्या बोटांवरच्या सुरकुत्यांना तर मज्जातंतूंची आज्ञा लागते. हाताचा मज्जातंतू तुटला असेल तर त्या भागात त्या पडतच नाहीत आणि ही गोष्ट मज्जातंतूंच्या तपासणीसाठी वापरता येते, हे 1973 मध्ये ओरियन यांनी दाखवून दिले. त्या सुरकुत्यांनी ओल्या वस्तूंवरची पकड सुधारते की नाही, याबद्दल मात्र 2013 आणि 2014 च्या प्रयोगांत मतभेद आहेत. म्हणजे शब्द एक आणि कारणे किमान चार. यावर कोणी म्हणेल, मग असा भोंगळ शब्द टाकूनच का देऊ नये? मला याच्या उलट वाटते. ‘ताप’ या शब्दामागेही शेकडो आजार आहेत, म्हणून तो वैद्यकातून कोणी काढून टाकलेला नाही. लक्षणाचे नाव कारणाच्या शोधाची सुरुवात असते. नाव घेऊन थांबले तर चूक होते. नाव घेऊन पुढचा प्रश्न विचारला तर ज्ञान वाढते. म्हणूनच या पुस्तकाची मांडणी वनस्पती, प्राणी, जीवाश्म अशा शाखांनुसार केलेली नाही. वाढ, आक्रसणे, साठत जाणे आणि राखीव घडी अशा कारणांनुसार केली आहे. ही निवड पुस्तकाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे.

आजच्या काळाचा आक्षेप वेगळा आहे. डीएनएच्या क्रमावरून प्रजाती ओळखता येतात, छायाचित्रावरून संगणक पानाचे नाव सांगतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक परागकणाच्या अंगावरची कलाकुसर दाखवतो. मग शब्दांची एवढी उठाठेव कशासाठी? परंतु त्या सूक्ष्मदर्शकाने उलट अधिक शब्दांची मागणी केली. परागकणांच्या अभ्यासात पृष्ठभागाच्या नक्षीसाठी वेगळी परिभाषाच घडवावी लागली. संगणकाला शिकवतानाही कोणत्या चित्रात सुरकुती आहे हे आधी माणसालाच सांगावे लागते. आणि निर्णय घ्यायचा असतो तिथे शब्दाला पर्याय नसतो. पटकीच्या जंतूंच्या गुळगुळीत वसाहतींमधून काही सुरकुतलेल्या निघतात, ही नोंद 1938 मध्येच झाली होती. नव्वदच्या दशकात कळले की हे रुगोस जंतू स्वतःभोवती शर्करेच्या साखळ्यांचे चिकट आवरण तयार करतात आणि त्यामुळे क्लोरीनपुढे अधिक तग धरतात. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्यांसाठी ही केवळ सौंदर्याची बाब नाही. 2014 मध्ये इस्राएलमध्ये आणि 2015 मध्ये जॉर्डनमध्ये टोमॅटोवर आढळलेल्या नव्या विषाणूच्या नावातच ‘ब्राउन रुगोस फ्रूट’ हे शब्द आहेत. स्पर्शाने आणि बियाण्याबरोबर पसरणाऱ्या त्या रोगाची पहिली सूचना शेतकऱ्याच्या डोळ्यांनाच मिळते.

शेतकऱ्याचा उल्लेख आला म्हणजे मराठीचा प्रश्न आलाच. लॅटिन संज्ञा जगभर चालतात, त्या जशाच्या तशा घ्याव्यात, मराठी प्रतिशब्दांचा अट्टहास नको, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. नावांपुरते ते बरोबरच आहे. ‘रोझा रुगोसा’चे भाषांतर करण्यात अर्थ नाही. वर्णनाची गोष्ट मात्र निराळी आहे. वर्णन करणारा माणूस बांधावर, रानात, दवाखान्यात उभा असतो आणि तो आपल्याच भाषेत पाहतो. मिरचीच्या पिकावर चुरडा-मुरडा आला, बोकड्या आला, असे शेतकरी सांगतो. त्याच एका नावाखाली फुलकिडे असू शकतात, कोळी असू शकतो किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. फुलकिड्यांनी पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, कोळ्याने खालच्या बाजूला वळतात. हा फरक शब्दांत पकडता आला नाही तर कोळ्यावर कीटकनाशक मारले जाते, पैसा जातो आणि पीकही जाते. नेमक्या वर्णनाची गरज इतकी रोकडी आहे.

शिवाय मराठीजवळ या बाबतीत असे काही आहे, जे लॅटिनजवळ नाही. ‘रुगा’ केवळ रूप सांगते. आपले रोजचे शब्द मात्र बहुधा रूपाबरोबर कारणही सांगतात. कपाळाला पडते ती आठी; ती स्नायूंनी आवळलेली असते. ओलावा किंवा भराव कमी झाला की पडते ती सुरकुती. पोटावर मांस जास्त झाले की वळी. कापड गोळा झाले की चुणी, मुद्दाम घातली की निरी, दाबून बसवली की घडी. बाहेरच्या दाबाने जे होते ते चुरगळणे आणि आतून होते ते आक्रसणे. या शब्दांत ज्यांनी भर घातली, ते शतकानुशतके कापड नेसणारे, धान्य वाळवणारे, जनावरे पाळणारे लोक होते. 1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले, त्याचे ऋण मान्य करूनही एक म्हणावेसे वाटते. आपल्या परिभाषेने अनेकदा संस्कृतातला अपरिचित शब्द जवळ केला आणि दारातला नेमका शब्द बोलीतला म्हणून बाजूला ठेवला. बोलीतले शब्द प्रांताप्रांताने बदलतात, त्यांना काटेकोर अर्थ नसतो, हा त्यावरचा बचाव मी नाकारत नाही. पण काटेकोरपणा शब्दात जन्मतः नसतो. ‘रुगोसस’ हाही कधीकाळी रोमच्या रस्त्यावर म्हाताऱ्या चेहऱ्यासाठी वापरला जाणारा साधाच शब्द होता. लिनियसने त्याला व्याख्या दिली आणि पुढच्या अभ्यासकांनी ती पाळली, म्हणून तो संज्ञा झाला. आठी, वळी, चुणी आणि सुरकुती यांनाही अशा व्याख्या देता येतील. त्या पाळायची तयारी मात्र आपली असली पाहिजे.

हे पुस्तक त्या दिशेने पहिला प्रयत्न करते. ते शब्दकोश नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही. प्रत्येक संज्ञेच्या मागे असलेले निरीक्षण, त्या निरीक्षणातून निघालेला प्रश्न आणि जिथे सापडले तिथे त्याचे उत्तर, असा क्रम त्यात आहे. जीवशास्त्राची पूर्वतयारी नसलेल्या वाचकालाही ते वाचता यावे म्हणून उदाहरणे शक्यतो महाराष्ट्रातल्या परिसरातून आणि नेहमीच्या पिकांतून घेतली आहेत. प्रत्येक लॅटिन संज्ञेसाठी एक मराठी शब्द सुचवला आहे, त्याची मर्यादा सांगितली आहे आणि तो कुठे वापरू नये हेही नोंदले आहे. सगळेच पर्याय टिकतील असे नाही. काही शब्द शिक्षकांच्या हाती घासून गुळगुळीत होतील, काही मागे पडतील आणि त्यांच्या जागी कोल्हापूरचा, वऱ्हाडाचा किंवा कोकणातला अधिक नेमका शब्द येईल. तसे झाले तर पुस्तकाचा हेतू सफळ झाला असेच मी समजेन. वाचकांकडून एवढीच अपेक्षा आहे की त्यांनी या व्याख्या घेऊन पाने, बिया, साली आणि कातडी प्रत्यक्ष पाहावीत, व्याख्या अपुरी पडेल तिथे ती दुरुस्त करावी आणि दुरुस्तीचे कारण लिहून ठेवावे. मराठीतली वैज्ञानिक परिभाषा समित्यांनी सुरू केली असली, तरी ती पुढे नेण्याचे काम पाहणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे आहे.